साठ शिपाई आणि गरम पाणी

ब्लेनगारच्या किल्ल्यावर शिबंदी किती, असं कुणी विचारलं की किल्लेदार ओस्बर्न मान जराशी मागे टाकायचा आणि म्हणायचा, "मोजायला सवड कुणाला आहे? साठ तर असतीलच."

सवड भरपूर होती. माणसं आठ होती.

त्या आठांतला एक कडुगन. तो देवडीवर असायचा. दरवाजा उघडणं आणि दरवाजा लावणं अशी दोन कामं त्याच्याकडे होती आणि दोन्ही तो सारख्याच नाराजीनं करायचा. पेगन आणि एड्रिक हे तिरंदाज. पेगनला लांबचं दिसत नसे आणि एड्रिकला धनुष्य ओढवत नसे, त्यामुळे दोघं मिळून एक तिरंदाज धरायला हरकत नव्हती. टर्स्टन नावाचा एक होता, तो झोपलेला असे. कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. उरलेले चौघं खोकायचे. प्रत्येकाचा खोकला निराळा होता, म्हणून अंधारातही ओळखू यायचे, एवढीच काय ती सोय.

बाकीचे बावन्न तटावर उभे होते. काठ्या रोवलेल्या, काठ्यांवर लोखंडी टोप. मागच्या लढाईच्या वेळी किल्ल्याचे धनी अर्लसाहेब यांनी किल्ल्याला गाडीभर टोप पाठवले होते. डोकी पाठवायची राहून गेली होती. ओस्बर्ननं ते टोप असे कामाला लावले, आणि खालच्या खोऱ्यातल्या वेल्श लोकांना वर पाहिलं की तटावर रांगेनं शिपाई दिसायला लागले. शिपाईही कसे? दोन वर्षांत एकानं रजा मागितली नाही, जेवणाला नाव ठेवलं नाही. वेशीकडच्या बुरुजावरच्या काठीला तर ओस्बर्ननं हवालदार केलं होतं. एड्रिक त्यावरून आठवडाभर फुगून बसला होता.

"साहेब, माझी नोकरी त्याच्यापेक्षा जुनी आहे," तो म्हणाला होता.

"आहे ना. पण तो वादळातसुद्धा ताठ उभा असतो, एड्रिक. तू जेवतानासुद्धा टेकून बसतोस."

या सगळ्या व्यवस्थेत एकच खोट होती. काठीला दिसत नाही. रात्री पहाऱ्याला जिवंत माणूसच लागतो, आणि जिवंत माणसांची एकूण परिस्थिती वर सांगितलीच आहे. त्यामुळे एक दिवसाआड रात्रीचा पहारा स्वतः किल्लेदार करायचा. मधल्या रात्री खोकला ऐकत पडायचा. दोन वर्षांत ओस्बर्न सलग झोपलेला नव्हता. त्याचे डोळे उकडलेल्या बीटासारखे झाले होते. परवाच त्यानं गाईला सलामी दिली होती, आणि गाईनं ती परत केली नाही म्हणून तिला दटावलंही होतं.

"बारा माणसं," तो वारंवार म्हणायचा. "जास्त नकोत. धडधाकट, डोळेवाली बारा माणसं द्या. मग मी झोपणार. कुणी उठवलं तर त्याला खंदकात टाकणार."

तीनदा निरोप गेल्यावर अर्लसाहेबांचा कारभारी हॅमो स्वतः पाहणीला यायचा होता. किल्ल्यावर खरंच माणसं कमी आहेत असं त्याला पटलं तर बारा जण थंडीआधी रुजू होणार. हॅमो फक्त स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा आणि हे तो भेटेल त्याला सांगायचा.

"आयुष्यात पहिल्यांदाच नुसतं खरं दाखवून काम होणार आहे, कडुगन," ओस्बर्न म्हणाला. "कारभारी पुलावर दिसला की सगळे टोप उतरवायचे. रिकामा तट दाखवायचा. आठ माणसं अंगणात उभी करायची. खोकणारे पुढे."

"आणि टर्स्टन?"

"सापडला तर."

"टोप आत्ताच उतरवले तर?"

"खालच्या खोऱ्यातनं दिसणार नाही का? कारभाऱ्यानं मोजलं आणि तो गेला, की पुन्हा चढवायचे. चार घटका तट उघडा राहील. तेवढ्यात कोण येतंय?"

कारभारी यायच्या दिवशी सकाळी गोरोन्वी आला.

गोरोन्वी म्हणजे खालच्या खोऱ्याचा सरदार. रुंद, पांढऱ्या मिशांचा, आणि बरोबर तीस माणसं. सगळे पुतणे, भाचे, नाहीतर पुतण्यांचे भाचे. भाचीच्या लग्नाहून घरी निघाले होते. खांद्यावर भाले, पाठीला धनुष्यं, एकाच्या पाठीला वीणेसारखं मोठं तंतुवाद्य, आणि गुडघ्यापर्यंत चिखल.

"घसा कोरडा पडलाय, किल्लेदार," गोरोन्वीनं खालून हाक दिली. "घोट घोट मधाची दारू द्या, की लगेच निघतो आम्ही."

ओस्बर्न वरून बघत राहिला. सध्या तह होता, शांतता होती, सगळं खरं. पण तीस माणसं म्हणजे तीस माणसं.

"नको म्हणा," पेगन कुजबुजला.

"कसं म्हणू? साठ माणसांच्या किल्ल्याला तीस जणांची भीती वाटून कशी चालेल?"

"पण आपण आठ आहोत."

"ते त्यांना माहीत आहे का? कडुगन, उघड."

कडुगननं दरवाजा उघडला. तोही वेल्शच, त्यामुळे पाहुणा कसा घ्यायचा हे त्याला शिकवावं लागलं नाही. वेल्श पाहुणा घरी आला की हत्यारं दारातच देऊन टाकतो. हा हा म्हणता देवडीत भाल्यांची आणि धनुष्यांची रास लागली. ओस्बर्नचा जीव भांड्यात पडला. मग त्यानं सदरेकडे पाहिलं आणि जीव भांड्यातून पुन्हा बाहेर आला.

कारभाऱ्यासाठी आदल्या दिवशी सदर झाडून घेतली होती. जमिनीवर ताजं हिरवं लव्हाळं अंथरलं होतं. आणि तिकडे साठ चिखलाचे पाय निघाले होते.

"थांबा," ओस्बर्न ओरडला. "कडुगन, आधी यांना पाय धुवायला पाणी दे."

कडुगन जागच्या जागी थांबला. "पाणी?"

"पाणी."

"साहेब, पायांना?"

"मग काय कानांना? पाय बघ त्यांचे."

"साहेब, तुम्ही नीट विचार करून सांगताय ना? पाणी?"

"कडुगन, मी दोन वर्षं झोपलेलो नाही. मला एक गोष्ट चारदा सांगायला लावू नकोस. पाणी दे. गरम दे."

"गरमसुद्धा?" कडुगनचा आवाज चिरकला.

"आणि पुसायला फडकी दे."

तीस पुतणे-भाचे एकमेकांकडे बघायला लागले. गोरोन्वीनं डोक्यावरची टोपी काढली. त्याच्या मिशा थरथरत होत्या.

"किल्लेदार," तो म्हणाला, "माझ्या आजोबांपासून आजवर तुमच्यातल्या एकानंही आम्हाला पाणी दिलं नव्हतं. आणि तुम्ही गरम देताय." तो मागे वळला. "पोरांनो, बसा. पाय सोडा."

माणसं अंगणात रांगेनं बसली आणि कुणीतरी वाद्य जुळवायला लागलं. कडुगन पातेलं घेऊन जाताना ओस्बर्नच्या कानाशी थांबला.

"साहेब, आमच्यात पाहुण्याला पायधुणं दिलं म्हणजे आजची रात्र इथंच राहा, असं सांगितलं. त्यानं पाय धुतले म्हणजे तो राहिला."

"काय?"

"म्हणून मी विचारत होतो."

"मग स्पष्ट का नाही सांगितलंस?"

"पाहुण्यांसमोर? बरं दिसलं असतं का ते?"

ओस्बर्ननं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "परत घे. सांग, पाणी चुकून दिलं."

"दिलेलं पायधुणं परत घेतलं की त्यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालतात, साहेब. पलीकडच्या खोऱ्यात चालूच आहे एक. शिवाय पाणी आता वापरलं गेलंय."

आणि नेमकं त्याच वेळी तटावरून एड्रिक ओरडला, "कारभारी! पुलावर!"

ओस्बर्नच्या डोक्यात सगळं एकदम गोळा झालं. कारभाऱ्याला आठ माणसं दिसायला हवी होती. गोरोन्वीला साठ दिसायला हवी होती. टोप उतरवले तर गोरोन्वीला कळणार की तटावर काठ्या आहेत. टोप ठेवले तर कारभाऱ्याला वाटणार की तटावर माणसं आहेत. आणि दोघांच्या मध्ये तीस लोक अंगणात बसून पायाची बोटं चोळत होते.

"टोप उतरवू?" वरून एड्रिकनं विचारलं.

"गप्प बस," ओस्बर्न म्हणाला.

"हवालदाराचा तरी उतरवू?"

"एड्रिक!"

हॅमो घोड्यावरून उतरला. बारीक, कोरडा, नाकाशी सुरकुत्या असलेला माणूस. लोणच्याच्या बरणीत फार दिवस राहिल्यासारखा. त्यानं आधी तटाकडे पाहिलं. मग देवडीतल्या भाल्यांच्या राशीकडे पाहिलं. मग अंगणाकडे.

"माणसं कमी आहेत म्हणालात," तो म्हणाला.

"हो, कारभारीसाहेब. फार कमी."

"हे वर कोण उभे आहेत?"

गोरोन्वी हातभर अंतरावर पाय पुसत होता. ओस्बर्न हॅमोच्या कानाशी वाकला. "काठ्या," तो पुटपुटला.

"काय?"

"काठ्या आहेत."

"मोठ्यानं बोला, किल्लेदार. मला कुजबुज आवडत नाही."

गोरोन्वीनं मान वर केली. ओस्बर्न ताठ झाला. "पहारा आहे," तो म्हणाला. "नेहमीचा."

"हं. मी आल्यापासून एकानंही मान वळवलेली नाही. अर्लसाहेबांच्या स्वतःच्या वाड्यावर अशी शिस्त नाही." हॅमोची नजर वेशीकडच्या बुरुजावर थांबली. "तो कोपऱ्यातला कोण?"

"तो हवालदार," एड्रिक वरून कडवटपणे म्हणाला.

"शोभतो," हॅमो म्हणाला.

ओस्बर्ननं कारभाऱ्याचा दंड धरला आणि त्याला ओढतच घोड्यांच्या पागेत नेलं. तिथं फक्त गाय होती. दरवाजा लावून त्यानं भडाभडा सगळं सांगून टाकलं. काठ्या, टोप, आठ माणसं, खोकला, पायधुणं, दोन वर्षांची झोप. गाय सहानुभूतीनं ऐकत होती. हॅमो तसा ऐकत नव्हता.

"म्हणजे अंगणातले ते तीस जण तुमचे शिपाई नव्हेत," तो म्हणाला.

"नव्हेत."

"वेल्श आहेत."

"हो."

"म्हणजे ज्यांच्यापासून राखायला हा किल्ला बांधला, ते."

"तेच."

"त्यांना तुम्ही दरवाजा उघडून आत घेतलंत. आणि पाय धुवायला पाणी दिलंत."

"गरम," ओस्बर्न म्हणाला, आणि म्हणताक्षणीच त्याला कळलं की हा शब्द गाळला असता तर बरं झालं असतं.

"किल्लेदार," हॅमो म्हणाला, "माणसं जास्त मागायची म्हणून आहेत ती लपवणारे किल्लेदार मी पुष्कळ पाहिले. कुणी तळघरात लपवतो, कुणी जंगलात पाठवतो. पण आहेत त्या माणसांना काठ्या म्हणणारा तुम्ही पहिलाच."

"वर चढून हात लावून बघा!"

"पहाऱ्यावरच्या माणसाला हात लावायचा नसतो. आणि मला गुडघ्याचा त्रास आहे."

ओस्बर्न भिंतीला टेकला. मग त्याला एकाएकी उजेड दिसला. "गोरोन्वीला विचारा! त्याला तुमची भाषा येते. तो माझा नोकर नाही, नातेवाईक नाही. तो बाहेरचा माणूस आहे एवढं त्याच्या तोंडून ऐकलंत तरी तुमची खात्री पटेल."

गोरोन्वी तोवर सदरेत पहिल्या बाकावर बसला होता. पुढ्यात ओटची भाकरी, चीज आणि मधाच्या दारूचा पेला. पाय स्वच्छ, गुलाबी. कारभारी त्याच्यासमोर उभा राहिला. ओस्बर्न त्याच्या मागे उभा राहून जोरजोरानं मान हलवत होता, हातांनी खुणा करत होता, 'बाहेरचे, बाहेरचे' म्हणून दहाही बोटं दाराकडे नाचवत होता.

"तुम्ही कोण?" हॅमोनं विचारलं.

गोरोन्वीनं एकदा कारभाऱ्याकडे पाहिलं, एकदा त्याच्यामागे हातवारे करणाऱ्या यजमानाकडे. यजमानाच्या डोळ्यांत पाणी होतं. यजमानावर मोठाच प्रसंग आलाय, एवढं त्याला दिसलं. तो सावकाश उठून उभा राहिला.

"आम्ही किल्लेदारांचे," तो म्हणाला. "यांच्या पाण्यानं पाय धुतलेत. आज यांच्यावर कुणी आलं तर आधी माझ्यावर यावं लागेल."

मागे तीस जण उठून उभे राहिले. तेवढा एकच मोठा आवाज झाला.

"आणि या किल्ल्यावर एकूण माणसं किती?"

"साठ," गोरोन्वी म्हणाला. "आणि एकेक वाघ."

ओस्बर्नच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज आला. कारभाऱ्यानं तो अभिमानाचा समजला.

अंगणात येऊन हॅमोनं निकाल दिला. सरहद्द शांत आहे, किल्ल्यावर गर्दी आहे, बारा माणसांचा प्रश्नच येत नाही. उलट पुढच्या किल्ल्यावर, जिथं खरोखरच टंचाई आहे तिथं, इथून काही माणसं न्यावी लागतील. त्यानं चहूकडे नजर फिरवली. तटावर टोप ताठ उभे होते. सदरेत तीस जण स्वच्छ पायांनी नीट रांगेत बसले होते. पाणवठ्याशी पेगन एका खांबाशी बोलत होता, त्याला तो एड्रिक समजून. खरा एड्रिक जिन्यावर टेकून बसला होता. आणि चौघं खोकत होते.

"हे सहा गबाळे मी घेऊन जातो," हॅमो म्हणाला. "तुम्ही घाबरू नका. शिस्तीची माणसं सगळी तुमच्याकडेच ठेवली आहेत."

"कारभारीसाहेब," ओस्बर्न म्हणाला, "तेच तर आहेत."

"काय आहेत?"

ओस्बर्ननं तोंड उघडलं. सदरेच्या दारात गोरोन्वी उभा होता, मायेनं त्याच्याकडे बघत. ओस्बर्ननं तोंड मिटलं.

"चांगले आहेत," तो म्हणाला. "सांभाळा त्यांना. पेगनला पायऱ्या सांगाव्या लागतात."

उजेड असेपर्यंत पुढचा किल्ला गाठायचा म्हणून हॅमो लगेच निघाला. पुलावरून सहा जण त्याच्यामागे गेले. चौघांचा खोकला ओढ्यापलीकडे जाईपर्यंत ऐकू येत होता. एड्रिकनं जाताना मागे वळून बुरुजावरच्या हवालदाराकडे एकदा असं पाहिलं, की माणूस असता तर त्याला लाज वाटली असती.

उरले कडुगन आणि टर्स्टन. टर्स्टन सापडला नव्हता, म्हणून वाचला होता.

संध्याकाळी ओस्बर्न तटावर जाऊन दोन काठ्यांच्या मध्ये उभा राहिला. लांबून पाहणाऱ्याला फरक कळला नसता. आज त्याची पहाऱ्याची पाळी नव्हती. पण आता पाळी या शब्दाला अर्थच राहिला नव्हता. यापुढे सगळ्या रात्री त्याच्याच.

जिन्यावर पावलं वाजली. गोरोन्वी भाकरी चघळत वर आला. हवालदाराजवळून जाताना त्यानं त्याच्या टोपावर टकटक केलं. "काय हवालदार, बरं आहे ना?"

ओस्बर्न सावकाश वळला. "तुम्हाला माहीत आहे?"

"काय? काठ्या? पहिल्या हिवाळ्यापासून."

"पण कसं?"

"तुमच्या स्वयंपाकघरात मोर्विद आहे ना? माझी सख्खी मावशी. म्हणते, साठ माणसांचा किल्ला आणि भाकऱ्या नऊ जणांच्या. आधी तिला वाटलं तुम्ही फार उपास करता."

ओस्बर्ननं हवालदाराचा टोप सरळ केला. "मग कारभाऱ्याला साठ का सांगितलंत?"

"अहो, तुमचा वरचा माणूस समोर उभा. मी त्याला सांगू, की आमचा यजमान आठ माणसांचा धनी आहे म्हणून? ज्यांचं गरम पाणी घेतलं त्यांचा चारचौघांत अपमान करू?" गोरोन्वी दुखावल्यासारखा दिसला. "तुम्हीही मागून बोटं दाखवत होता. मला वाटलं साठ कमी पडतायत, वाढवून सांगा म्हणताय. पण मला खोटं फार बोलता येत नाही."

"आठच माणसं आहेत हे माहीत होतं," ओस्बर्न म्हणाला, "तर दोन वर्षांत किल्ला घेतला का नाहीत? एका दुपारचं काम होतं."

"घेतला असता हो. पण नंतर?" गोरोन्वीनं भाकरीचा तुकडा खंदकात टाकला. "तो राखायचा कुणी? छप्पर गळतंय, पूल कुरकुरतोय. रात्रीचा पहारा करायला माणसं आणायची कुठून? आमच्यापैकी कुणाला तरी इथं उभं राहावं लागलं असतं. त्यापेक्षा म्हटलं, तुम्ही आहात ते बरंय." त्यानं ओस्बर्नच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं. "तुम्ही शेवटचे झोपलात कधी?"

ओस्बर्ननं आठवायचा प्रयत्न केला आणि त्या प्रयत्नातच त्याची मान एकदा खाली गेली.

"जा," गोरोन्वी म्हणाला. "पाहुणे घरात असताना यजमान पहाऱ्याला उभा राहिला, तर लोक आम्हाला काय म्हणतील? तीस पोरं आहेत माझी. तटावर उभी राहतील आळीपाळीनं."

"पण तुमच्यापासूनच तर पहारा..."

"आम्ही आतच आहोत. बाहेरून कोण येणार? जा, झोपा."

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तेव्हा ओस्बर्न उठला. आपण कोण, हे त्याला थोडा वेळ आठवलं नाही आणि त्याचं त्याला काही वाटलंही नाही. खाली आला तर कुणीतरी पुलाला वंगण लावत होतं. छपरावर दोन भाचे होते. टर्स्टनसुद्धा सापडला होता. तो दोन वर्षं छपराखालच्या माळ्यावर होता आणि आता त्याला हलवल्याबद्दल चिडला होता.

दिवस कलताना गोरोन्वीची माणसं देवडीपाशी जमली आणि आपापले भाले ओळखायला लागली. निरोप घ्यायला कुणीच पुढे आलं नाही. सगळे नुसते इकडेतिकडे बघत उभे होते, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे.

कडुगन ओस्बर्नजवळ आला. तटाकडे बघत, अगदी सहज म्हणाला, "साहेब, दिवस मावळायला आला. नेहमीप्रमाणे दरवाजा लावू, की..."

"की काय?"

"काही नाही. पातेलं रिकामंच आहे, म्हणून विचारलं."

ओस्बर्ननं वर पाहिलं. हवालदार ताठ उभा होता. त्याच्या शेजारी गोरोन्वीचा एक पुतण्या उभा होता, आणि त्यानं मान वळवली. दोन वर्षांत त्या तटावर मान वळवणारा तो पहिलाच.

"चूल पेटव," किल्लेदार म्हणाला. "आणि कालच्यापेक्षा जरा जास्त गरम."